एकाच जागी मरणारी मशीन

ते लाकूड जरा आत सरकव रे विकी. भुर्री विझून राहिली, अन् तू मोबाईलमध्ये तोंड घालून बसला. ठेव तो खिशात. भुताची गोष्ट पाहिजे म्हणता ना? मग ऐका, अन् मधातच "सच में क्या काका" असं विचारू नका. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. भूत मानत नाही, अंगात येणं मानत नाही, दारात लिंबू-मिरची बांधत नाही. सारी नोकरी मी रेल्वेच्या केबिनमध्ये काढली, रात्र-रात्र मालधक्क्यावर कंदील घेऊन एकटा फिरलो, कधी काही दिसलं नाही. म्हणूनच ही गोष्ट माह्या डोक्यात रुतून बसली आहे. मानतही नाही, अन् ती निघतही नाही.

यशदीप तुम्हाले माहीत आहे. पाण्याच्या टाकीमागं राहते, चष्मेवाला, मान खाली घालून चालते तो. त्याचा बाप माह्यासंग रेल्वेत होता. बाप गेला, मग माय गेली, बहीण लगीन होऊन बल्लारशाले गेली. आपल्या गुढियारीतल्या त्या घरात उरला हा एकटा. नोकरी घरूनच. पुण्याची एक कंपनी आहे, कारखान्यातल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या पेट्या बनवते. पेटी म्हणजे आत एक लहानसं कम्प्युटर अन् एक मोठी डिस्क. यशदीपचं काम काय, तर या पेट्या दमवून-दमवून पाहायच्या, कुठं दगा देतात ते शोधायचं अन् कंपनीले सांगायचं.

मागच्या हिवाळ्यात, संक्रांतीनंतर, तो एका सकाळी फटफटी घेऊन सिलतराले गेला, अशीच एक पेटी आणाले. स्पंज आयर्नचा प्लांट होता. नाव घेत नाही, तुमच्यापैकी कोणाकोणाचे बाप तिथंच जातात. त्यांच्या गेटावरची पेटी घडीघडी बंद पडे. कंपनीनं म्हटलं, तुझ्या जवळचं आहे, उचलून आण अन् कारण काढ. गेटावरच्या सिक्युरिटीवाल्यानं "ले जाओ भैया, किसी काम का नहीं" म्हणून ती त्याच्या हातात ठेवली. यशदीपनं पेटी सीटवर दोरीनं बांधली, वाटेत चहा घेतला, दुपारी घरी आला. एवढं साधं काम होतं.

आता मशीन मरते म्हणजे काय, ते आधी समजून घ्या, नाही तर पुढं "काय झालं, काय झालं" करत बसाल. मशीनच्या आत एक कारभारी असते, त्याले कर्नेल म्हणतात. आमचा केबिनवाला समजा. सिग्नल तोच पाडते, रूळ तोच बदलते, कोणती गाडी कुठं उभी आहे ते त्यालेच ठाऊक. तो चक्कर येऊन पडला, का सारं यार्ड ठप्प. यशदीपनं पेटीवर दमवायची टेस्ट लावली. हजारो फायली लिहायच्या, पुसायच्या, पुन्हा लिहायच्या, डिस्कले श्वास घेऊ द्यायचा नाही. थोड्या वेळानं कर्नेल मेला. पुन्हा चालू केला, पुन्हा मेला. दरवेळी त्याच जागी, त्याच ओळीवर.

पोट्टा खूश झाला. वेडा नका समजू त्याले, त्यांच्या धंद्यात असंच असते. कधीमधी मरणारी मशीन जीव खाते, महिने-महिने सापडत नाही. जी बोलावलं का मरते, तिचं दुखणं आज ना उद्या हाती लागते.

पण मरणारी मशीन आपल्या डिस्कवर काही लिहू शकत नाही, तिचे हातच गळालेले असतात. म्हणून हे लोक बाजूले दुसरं कम्प्युटर ठेवतात अन् मधात एक वायर टाकतात. मरता-मरता पहिली जे काही बोलते, ते वायरीतून दुसरीवर उमटते. शिवाय त्या घडीले तिच्या डोक्यात जे काय होतं, तेही जसंच्या तसं वाचवून ठेवतात, मागून तपासाले. तर यशदीप वरच्या खोलीत, मायच्या जुन्या पलंगावर, त्या दोन मशीनींच्या मधात बसून राहे. एक मरे, दुसरी ऐके. हा वाचत बसे.

त्या घरात माणसाचा आवाज म्हणाल तर एकच, कलावतीचा. ती बीरगावची, आपल्या मोहल्ल्यात घरोघरी जेवणाचे डबे देते. यशदीप तिले मावशी म्हणते. ती वर यावं, कालचा डबा धुतला नाही म्हणून त्याले बोलावं, खिडकी उघडावी, "अशानं तुले कोण पोट्टी देईल" म्हणून चिडवावं अन् खाली उतरावं. यशदीप वर पाहून हसे, बस. पण ती पायऱ्या चढून राहिली का त्याची मान उचले. हे त्यानं मले स्वतः सांगितलं, मोठ्या मुश्किलीनं.

एक दिवस तिनं टेबलावर ती पेटी पाहिली अन् कुठची आहे विचारलं. यानं प्लांटचं नाव घेतलं. ती डबा हातात धरून तशीच पलंगावर बसली.

तिचा नवरा भैय्यालाल त्याच प्लांटमध्ये होता. दिवाळीच्या आधी रात्रपाळीले गेला, तो घरी आलाच नाही. प्लांटवाले म्हणाले, पाळी संपायच्या आधीच गेटातून निघून गेला. पोलिसांनी शोधतो म्हटलं. शेजारच्या बाया म्हणाल्या, कोणासंग पळाला असंल. त्याची माय म्हणाली, हिच्याच तोंडाले कंटाळून गेला. अन् गेटावरच्या कॅमेऱ्यात पाहावं, तर नेमकी त्याच रात्री, पाळी चालू असतानाच, पेटी बंद. पहिल्यांदा मेली ती त्या रात्री, तेव्हापासून मरूनच राहिली.

कलावती म्हणाली, "मले कोणाची चूक काढायची नाही यशदीप. ते गेटाबाहेर गेले का नाही, एवढंच पाह्य. सोडून गेले असतील तर तसं सांग. मी त्यांची वाट पाहू का नको पाहू, एवढं तरी मले कळंल."

हा म्हणाला, "पाहतो मावशी."

इथून त्याचं काम बदललं. कंपनीले पाहिजे होतं कर्नेल काहून मरते. याले पाहिजे होतं कलावतीचं उत्तर. अन् दोन्ही एकाच जागी निघाले, ते असे. डिस्क भरली का पेटी जुनी फाईल पुसते. पुसते म्हणजे आधी फक्त नाव काढते. समजा, फलकावरून गाडीचं नाव पुसलं, पण बोगीत एक पॅसेंजर अजून बसून आहे. तो उतरत नाही तोवर बोगी तोडाले नेता येते का? तसंच. नाव गेलं तरी कोणी ती फाईल धरून असंल तर कर्नेल ती ठेवते. अशा बिनानावाच्या फायलींले हे लोक अनाथ म्हणतात. आता हा शब्द मी नाही काढला, त्यांच्याच पुस्तकातला आहे. तर या पेटीत एक अनाथ फाईल होती, भैय्यालालच्या रात्रीची, पेटी पहिल्यांदा मेली तेव्हा जी लिहिणं चालू होतं ती. कर्नेल तिले हात लावाले जाये, अन् मरे.

मेलेल्या मशीनच्या डोक्यात यशदीपले एक फोटो सापडला. गेट, दिवा, धुरकट उजेड. कोणी नाही.

त्यानं टेस्ट तिथंच थांबवली. आता डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही, म्हणून त्यानं ती फक्त वाचण्यापुरती उघडली. तशी सोय असते. त्यांच्या धंद्यात यावर लहान पोरासारखा विश्वास असते, वाचाले उघडलं म्हणजे धक्का लागत नाही. नुसती उघडली तरी मशीन त्याच जागी मेली. अन् डोक्यात दुसरा फोटो. तेच गेट, तोच दिवा. पण दूर, शेडच्या कोपऱ्यात, एक माणूस. तोंडाभोवती गमछा गुंडाळलेला, तिथं धुळीपायी सारेच गुंडाळतात. तोंड कुठं, पाठ कुठं, काही समजत नव्हतं. कोपऱ्यातली तारीख-वेळही बोगस होती, पेटीच्या घड्याळाचा सेल केव्हाचा मेलेला.

तिसऱ्या मरणात माणूस वजनकाट्यापाशी होता. मग काट्याच्या अलीकडं. मग गेटाच्या दिव्याखाली, सावली पायात आलेली. दरवेळी एक मरण, दरवेळी एक फोटो, अन् दरवेळी तो जरा जवळ. रात्री घरात एकटं बसून असं पाहून पाहा कधी. यशदीप खोलीचं दार लोटून घ्याले लागला. आधी कधी लोटत नव्हता.

कलावतीनं फोटो पाहिले. "डावा खांदा पाडून चालतात," म्हणाली, "हे तेच आहेत."

"मावशी... ते गेटाकडंच येऊन राहिले होते."

"म्हणजे गेले."

एकामागं एक फोटो समोर होते, आंधळ्यालेही दिसंल. ती रडली नाही. रिकामा डबा उचलला अन् उतरून गेली. दुसऱ्या दिवसापासून डबा खालच्या फाटकाले लटकवलेला दिसे. ती वर आली नाही, हाक मारली नाही. भैय्यालालचे शर्ट तिनं धुवून, घड्या करून विहारात वाटाले दिले, हे त्याले माह्या घरून समजलं. माह्या बायकोनं, इंदूनं सांगितलं.

पोट्ट्याले फार लागलं ते. खरं बोललो, मग असं काहून वाटून राहिलं, असं त्यानं एकदा मले विचारलं. मी म्हटलं, बापा, जेवत जा वेळेवर. दुसरं काय सांगणार? घरात आता दोन मशीनींचे पंखे तेवढे वाजत. उभ्या-उभ्या दोन घास खाये, डबा तसाच लावून ठेवे. आठ-आठ दिवस कोणाशी बोलत नव्हता. एकदा तर किराण्यावाल्यानं काय पाहिजे विचारलं अन् याच्या गळ्यातून आवाजच निघाला नाही.

पुण्याहून रुचिता फोन करे, त्याची वरची साहेब. कारण समजलं ना, मग दुरुस्ती पाठव अन् पेटी परत कर, म्हणे. यानं शेवटी पूर्ण डिस्कची नक्कल काढली अन् नकलेवर तपासणी लावली. नक्कल मेलीच नाही. रात्रभर टेस्ट चालली, सकाळी धडधाकट. अन् जिथं फोटो असायले पाहिजे, तिथं नकलेत कोरं. त्यानं पुन्हा काढली, पुन्हा तेच. मरे ती फक्त असली पेटी. रुचिता हसली, म्हणाली तुमच्याकडच्या विजेचा काही घोळ असेल. यानं वायरी बदलल्या, सॉकेट बदललं. काही फरक नाही.

मग आली माघी पौर्णिमा.

त्या रात्री आपल्या विहारात वंदना होती, आवाज त्याच्या खिडकीपर्यंत येऊन राहिला होता. हा वर एकटाच. कंटाळून त्यानं दुसऱ्या मशीनवर उमटलेल्या जुन्या ओळी काढल्या. आता पाहा, हे लोक नेहमी शेवटून वाचतात. मेली कुठं, तिथून वर चढतात. सुरुवात कोणी वाचत नाही, ती रोजचीच बडबड असते. त्या रात्री मात्र यानं पहिल्या ओळीपासून वाचाले घेतलं, का बा काहून. अन् एका ओळीवर त्याचा हात थांबला.

इंग्रजीत होतं. आपल्या भाषेत असं का, डिस्क वाचण्यापुरतीच उघडली आहे. तरी अनाथ फायली साफ करून राहिलो.

पुढच्या मरणातही तीच ओळ. त्याच्या पुढच्याही. प्रत्येकात.

समजलं का? यानं सांगितलं होतं, फक्त पाह्य, हात लावू नको. पण कर्नेल मोठा कर्तव्याचा. उघडायच्या आधी तो अर्धवट राहिलेली झाडलोट पुरी कराले जाये. नाव नसलेल्या फायली काढून टाकाले लागे. अन् मधातच मरे. म्हणजे यशदीपनं जितक्या डाव पाहिलं, तितक्या डाव भैय्यालालच्या रात्रीचा एक तुकडा झाडून काढला. स्वतःच्या हातानं. अन् कर्नेल फाईल झाडते ती शेपटाकडून. शेवटचं आधी, सुरुवातीचं सर्वात मागं.

यशदीप पलंगावरून उठला. पुन्हा बसला.

शेवटचं आधी... म्हणजे पहिल्यांदा सापडलेलं ते रिकामं गेट सगळ्यात शेवटचं होतं. त्याच्या आधी माणूस शेडपाशी. त्याच्या आधी काट्यापाशी. त्याच्याही आधी गेटाच्या दिव्याखाली. माणूस गेटाकडं येत नव्हता. गेटापासून आत जात होता. गेला, अन् मग गेट रिकामंच राहिलं.

हा चपला घालायले विसरला. तसाच विहाराकडं धावला. वंदना संपून बाया बाहेर येऊन राहिल्या होत्या, साऱ्या पांढऱ्या लुगड्यात, अन् पौर्णिमेचं टिपूर चांदणं. त्यात कलावती कोणती, ते त्याले पटकन दिसेना. दिसली तेव्हा त्यानं तिथंच, सगळ्यांसमोर सांगितलं, का मी उलटं वाचलं मावशी, ते गेले नाहीत, ते गेटातून वापस आत गेले. फोटो उलटे होते. चूक माही होती. अन् आता एकच तुकडा शिल्लक आहे. गेटावर ते वापस काहून वळले, ते त्यात असंल. पण पाह्यलं का तोही जाईल.

कलावतीनं विचारलं, नाही पाह्यलं तर? हा म्हणाला, पेटी परत मागून राहिले, ते सारंच पुसतील.

"चाल," ती म्हणाली.

वरच्या खोलीत ती पलंगावर बसली, पांढऱ्या लुगड्याचा पदर हातात. यानं पेटी चालू केली. डिस्क फिराले लागली. बाजूच्या मशीनवर ओळी उमटाले लागल्या. रोजच्याच. मग ती ओळ. अनाथ फायली साफ करून राहिलो.

याच्यानंतर मरण. नेहमीच.

पण मरण आलं नाही.

ओळी थांबल्या. पंखा चालू. डिस्क चालू. ना मेली, ना पुढं गेली.

मग एक नवी ओळ आली. यानं आधी कधी पाहिली नव्हती.

"काय म्हणते ते?" कलावतीनं विचारलं.

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "म्हणते... फाईल कोणीतरी धरून आहे. सोडायची वाट पाहून राहिलो. धरणारे, एक."

"कोण?"

यानं तपासलं. पेटीत काहीच चालू नव्हतं. धरणारं कोणी नव्हतंच.

ओळ पुन्हा आली. धरणारे, एक.

थोड्या वेळानं पुन्हा. धरणारे, एक.

खोली गार पडली होती म्हणते तो. मी म्हटलं, माघाचा महिना, गार पडंलच. तो म्हणते, नाही काका... तशी गार नाही.

मग यशदीपले एक आठवलं. अटकलेल्या मशीनले हातानं मारता येते. तीन बटनं संग दाबायची. मेली का डोक्यातलं सारं शाबूत राहते, शेवटचा फोटोही हाती येते. त्यानं दोन बटनांवर बोटं ठेवली. तिसऱ्यावर अंगठा नेला. मान वळवून तिच्याकडं पाहिलं.

"मावशी, मी आत्ता मारली तर फोटो भेटंल. काहून वळले ते दिसंल. नाही मारली अन् धरणाऱ्यानं सोडून दिलं... तर काहीच राहणार नाही. मारू?"

कलावती पडद्याकडं पाहून राहिली होती. ती ओळ पुन्हा आली.

"किती डाव मारशील त्यांले?" ती म्हणाली.

त्यानं बोटं उचलली.

ती उठली. पेटीजवळ गेली. हात लावला नाही, नुसती वाकली, ताटावर बसलेल्या माणसाशी बोलावं तशी. यशदीप म्हणते तिचा आवाज एकदम रोजचा होता, त्या रोजच्या आवाजाचीच त्याले जास्त भीती वाटली.

"किती वेळ झाला," ती म्हणाली. "द्या आता सोडून. या घरी."

काही नाही...

पंखा...

डिस्क...

ओळ आली. धरणारे, शून्य.

अन् त्याच्याखाली दुसरी, का साफसफाई झाली, डिस्क उघडली आहे.

यानं आत पाहिलं. फाईल नव्हती. शेवटचा तुकडा नव्हता. कोणत्याही कोपऱ्यात भैय्यालालचं काही उरलं नव्हतं. यशदीप टेबलावर डोकं ठेवून रडला, मोठ्यानं, माय गेली तेव्हाही रडला नव्हता तसा. कलावतीनं त्याच्या पाठीवर हात फिरवला, खिडकी उघडली अन् म्हणाली, जेवून घे, सकाळचंच असंल तुझ्या पोटात. मग विहारातल्या बायांसंग ऑटोत बसून ती बीरगावले गेली. चांदणं लख्ख होतं.

हा रात्रभर जागा. दमवायची टेस्ट पुन्हा लावून दिली, म्हटलं मरू दे, नाही तर काय करू. पेटी मेली नाही. लिहिलं, पुसलं, लिहिलं, पुसलं, उजाडेपर्यंत एक चूक नाही. रुचितानं सकाळी विचारलं, काय दुरुस्त केलं? हा म्हणाला, काहीच नाही. तिचा विश्वास बसला नाही. आजही नाही.

थांब विकी, मी उठलो नाही अजून. संपली नाही गोष्ट.

सकाळीच कलावतीचा फोन आला. ये म्हणाली, बस, दुसरं काही नाही. हा फटफटी काढून बीरगावले गेला. तिकडं कारखान्यांच्या चिमण्यांची काळी डस्ट रात्रभर पडते, तुम्हाले काय सांगू. सकाळी ओटा झाडला नाही तर घरभर काळी पावलं. रोजच्यासारखी त्या रात्रीही पडली होती. ओट्यावर सारखा पातळ काळा थर, कोणाचं पाऊल नाही, कुत्र्या-मांजराचंही नाही. पायऱ्याही तशाच.

कलावती झाडू हातात घेऊन उंबरठ्याच्या आत उभी होती. तिनं बोट दाखवलं.

तिच्या दारासमोर, काळ्या थरात, दोन जागा कोऱ्या होत्या. स्वच्छ. खाली सिमेंट दिसे. बुटांच्या मापाच्या, बाजूबाजूले, टोकं घराकडं. ठसा नव्हता तो, विकी. ठसा असता तर डस्ट दबली असती. तिथं डस्ट पडलीच नव्हती. रात्रभर ती चहूकडं पडत होती, अन् तेवढ्या जागी वरून कोणाची तरी आड होती.

येणारी पावलं नव्हती. जाणारी नव्हती.

यशदीपनं फोटो काढाले मोबाईल काढला. तिनं नको म्हटलं. मग तिनं पदर खोचला, सारा ओटा झाडला, पायऱ्या झाडल्या, त्या दोन जागांच्या कडेनं हळूहळू झाडू नेला. अन् दार पुरतं उघडून ती बाजूले सरकली, आत यायले वाट राहावी म्हणून.